विमान थांबवणाऱ्याचा बाप

३ मार्च

आबा,

जयभीम. वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, मग खोडलं. परवापासून ज्या माणसाचा फोटो माझ्या फोनमध्ये पडून आहे, त्याला तो शब्द शोभेना.

फोटो घरून पंचशीलाने पाठवला. नेकनूरच्या स्टँडसमोर मांडव. तुमच्या डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. बाजूला मुंजाजीराव, दात दाखवत. एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आले, पुढे दोनदा पडले, तरी गाडीवरच्या पाटीत ‘माजी’ हा शब्द इतका बारीक लिहून घेतलाय की वाचायला भिंग लागतं. आणि तुम्हा दोघांच्या मागे फ्लेक्सवर मी. डोक्यावर वैमानिकाची टोपी. टोपी माझी नाही, खालचं धडही माझं नाही, फक्त चेहरा माझ्या बारावीच्या हॉल तिकिटावरचा. खाली लिहिलंय, ‘विमान थांबवणारा नेकनूरचा वाघ’. वाघाचा आणि विमानाचा काय संबंध, ते फ्लेक्सवाल्याला विचारून ठेवा.

फोन करणार होतो. पण माझा फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि नबीचाचांच्या फळांच्या गाड्यावर चार डोक्यांना ऐकवता. म्हणून पत्र. हे तरी मोठ्याने वाचू नका.

मी विमान चालवत नाही, हे तुम्हाला मी नोकरी लागली तेव्हाच सांगितलं होतं. बीडच्या स्टँडवर काचेच्या खिडकीत तो वाहतूक नियंत्रक बसायचा ना, कोणती गाडी लागली, कोणती सुटली ते पुकारत? तीस वर्षं कंडक्टरकी करताना तुम्ही त्याला रोज शिव्या घातल्या. मी तोच. फक्त माझ्या गाड्यांना पंख आहेत आणि शिव्या इंग्रजीतून पडतात.

त्या दिवशी काय झालं ते ऐका. आमच्याकडे पाच टेबलं. प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आकाशाचा एकेक तुकडा सांभाळायचा. त्या दिवशी माणसं होती तीन. एकाला डेंग्यू. दुसरा गेल्या वर्षी निवृत्त झाला, त्याच्या जागी खात्याने त्याची खुर्ची ठेवली आहे, माणूस ठेवलेला नाही. तीन माणसांनी पाचांचं काम करायचं म्हटल्यावर विमानं लांब लांब अंतराने सोडावी लागतात, नाहीतर ती एकमेकांवर जातील. त्यामुळे जमिनीवर रांग लागली. इथून संभाजीनगरला येणारं विमान त्या रांगेत तासभर उन्हात उभं होतं, आत माणसं शिजत होती. तेच विमान तिथून परत उडतं, त्यामुळे तेही उशिरा. आणि मुंजाजीराव गेवराईला मटणावर ताव मारून, तंगड्या पसरून, आरामात पोचले तरी त्यांना ते मिळालं.

याला विमान थांबवणं म्हणत नाहीत. याला खात्याची लाज निघणं म्हणतात.

आता राहिलं तुमचं. ‘विमान चुकतंय’ म्हणून मुंजाजीरावांचा वाटेतून फोन आला, तेव्हा तुम्ही ‘थांबिवतो’ म्हणालात. मग फोन कानाला लावून परसात गेलात, दोन मिनिटं लिंबाखाली येरझाऱ्या घातल्यात आणि येऊन म्हणालात, ‘सांगितलंय बाळूला.’ मला फोन आलाच नाही, आबा. पंचशीला धुणं वाळत घालत होती. ती सांगते, तुमच्या फोनचा दिवासुद्धा लागलेला नव्हता.

फ्लेक्स उतरवा. धड कुणाचं आहे ते शोधून त्याला परत करा.

बाळू


२२ एप्रिल

आबा,

जयभीम. तुमचं उत्तर मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं, कारण त्यात माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. फक्त एवढंच: ‘मुंजाजी आपल्या दारात आला. खुर्ची दिली तर न्हाई म्हनला, खाटंवर बसला. तुज्या मायनं पानी दिलं, पिला. दुसऱ्यांदा मागून पिला. तुला काय कळायचं.’

कळतं. त्याच्या बापाच्या दारात आपले आजोबा चपला हातात घेऊन उभे राहायचे, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंय की ते मी स्वतः पाहिलंय असं वाटतं. पण तुमच्या घरचं पाणी प्यायला त्या माणसाला सारी हयात आणि एक विमान लागलं, याचा तुम्हाला राग यायच्या ऐवजी अभिमान वाटतो, हे मात्र मला कळत नाही. आणि तेही न थांबवलेलं विमान.

आता वाईट बातमी. पंचशीलाच्या लग्नाची माझी सुट्टी नामंजूर झाली.

मोठ्या साहेबांकडे गेलो होतो. हे साहेब टेबलावर बसून शेवटचं विमान कधी सांभाळत होते ते त्यांनाही आठवत नाही, पण त्यांच्या केबिनमध्ये विमानांची खेळणी इतकी आहेत की बालवाडीत आल्यासारखं वाटतं. म्हणाले, ‘समजून घ्या, माणसं नाहीत.’ मी म्हटलं, बहिणीचं लग्न आहे. तर विचारतात, ‘एकच बहीण आहे का?’ मी हो म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. दोन असत्या तर दुसरीच्या लग्नाला पाठवणार होते की काय, कोण जाणे.

माणसं नाहीत हे खरं आहे. पण ती कालपासून नाहीत असं नाही. मी लागलो तेव्हाही नव्हती. दरवर्षी एक बैठक होते, तिच्यात काजू असतात, आणि माणसं नाहीत असं ठरतं. मग आम्ही उरलेले लोक सहा-सहा दिवस सलग बसतो. दोन तास पडद्यासमोर बसलं की उठून विश्रांती घ्यायची, असा नियम आहे. दोन तास होत आले की पाळीप्रमुख मागे येतो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘बदली आला नाही, थोडा वेळ चालेल ना?’ आणि आम्ही म्हणतो, ‘चालेल.’ नाही म्हटलं तर टेबल बंद होतं, विमानं अडकतात, आणि रात्री टीव्हीवर कुणीतरी टाय लावून ओरडतो. या देशाचं आकाश या एका शब्दावर चाललंय, आबा. तिकडे एसी हॉलमध्ये लोकांना बर्गर खात दोन तास थांबावं लागलं की ते व्हिडिओ काढतात. नेकनूरच्या फाट्यावर बाया उन्हात दोन तास एसटीची वाट बघतात, त्यांचा व्हिडिओ कुणी काढलेला मी पाहिला नाही.

पंचशीलाला मी सांगितलंय. ती रडली नाही, ‘बरं’ म्हणाली. ते जास्त लागलं. तुम्ही मांडवात माझ्या नावाने काही फुशारकी मारू नका, एवढंच मागणं.

बाळू


११ जून

आबा,

लग्नाला महिना झाला, तुम्ही माझा फोन घेत नाही. माय घेते आणि ‘ते भाईर गेल्यात’ म्हणते. मागून तुमचा खोकला ऐकू येतो.

तुम्ही मांडवात काय बोललात ते पंचशीलाने पालीहून सासरच्या फोनवरून सांगितलं. भन्तेजींचं मंगलसुत्त संपायच्या आत कुणीतरी विचारलं, बाळू कुठाय? आणि तुम्ही म्हणालात, ‘इमान थांबिवतो आन् बहिनीच्या लग्नाला सुट्टी मिळंना व्हय त्येला? मोठा झालाय, दुसरं काय.’

वा. म्हणजे आता मीच खोटारडा. तुम्ही परसात लिंबाखाली जी थाप मारलीत, तिचा हिशोब मी द्यायचा. ज्याच्या बोटावर विमानं थांबतात त्याला चार दिवस मिळत नाहीत हे कुणाला पटेल? मलाही पटलं नसतं. तुमच्यापुढे सरळ रस्ता होता, ‘तो काय थांबवत नाही, साधा नोकर आहे’ एवढं बोलायचं होतं. पण मग मुंजाजीराव खाटेवर बसायचे थांबले असते.

लहानपणी मी तुमच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून यायचो. तुमच्या हातात ती घंटीची दोरी. एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. मला वाटायचं, माझ्या बापाच्या हातात केवढी सत्ता आहे. मुंजाजीरावांसाठी तुम्ही गाडी थांबवायचात. ते पानाच्या टपरीवर चुना लावत उभे, आणि साठ माणसं घाम गाळत त्यांची वाट बघत बसलेली. ते चढले की तुम्ही स्वतःची सीट द्यायचात. आणि वच्छलाबाई आठवते का? डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन, लुगडं वर खोचून, ‘थांबिव रं आबा’ ओरडत धावत यायची. तुम्ही तिच्याकडे बघून दोन घंट्या द्यायचात. ती लहान होत होत जाताना मी मागच्या काचेतून बघायचो.

माझं काम तुमच्यासारखं असतं तर मी ते कधीच सोडलं असतं. इथे निदान मोठ्या माणसाचं विमान आणि छोट्या माणसाचं विमान पडद्यावर सारखाच ठिपका असतो. ते एक या नोकरीत मला आवडतं. बाकी सगळं तुम्हाला सांगून उपयोग नाही.

फोन घ्यायचा नसेल तर नका घेऊ. पण खोकल्याचं औषध घ्या.

बाळू


३० ऑगस्ट

आबा,

तुमचा अबोला चालू आहे हे मला माहीत आहे, तरी हे पत्र वाचाच. हे माझ्यासाठी नाही, उज्मासाठी आहे.

नबीचाचांची ही पोरगी आमच्याच खात्याची परीक्षा पास झाली. मी तिला पुस्तकं पाठवत होतो, हे तुम्हाला बहुतेक आजच कळतंय. फळांच्या गाड्याखाली पोत्यावर बसून भौतिकशास्त्राची गणितं सोडवणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. आता शेवटची पायरी उरली. पंधरा दिवसांनी दिल्लीला सकाळी हजर राहायचं, कागद दाखवायचे आणि आवाजाची चाचणी द्यायची. बोलणं स्वच्छ कळतं का, घाबरल्यावर जीभ अडखळते का, ते बघतात. त्या सकाळी हजर नाही, तर नाव गेलं. पुढची भरती निघेल तेव्हा तिचं वय उलटून गेलेलं असेल. एवढं सगळं त्या एका सकाळवर आहे.

तिचं तिकीट आदल्या दुपारचं, संभाजीनगरहून. ते विमान आधी आमच्याकडून तिकडे येतं. इथपर्यंत ठीक.

काल तिचा फोन आला. घाबरत घाबरत म्हणाली, ‘दादा, आबाचाचा अब्बाला म्हनले, लई घाई करू नका, आपला बाळू हाय तिथं. मी अब्बाला सांगते असं नसतं, तर अब्बा मलाच म्हणतात, तू गप बस, मुंजाजीरावांचं थांबवलं होतं की.’

आबा, मुंजाजीरावांचं विमान चुकलं असतं तर काय झालं असतं? ते दिल्लीला जाऊन कुणाच्या तरी मागे फोटोत उभे राहिले नसते. उज्माचं चुकलं तर आमच्याकडची एक रिकामी खुर्ची रिकामीच राहील, आणि ती आयुष्यभर मोसंबी तोलेल. तुमची फुशारकी आत्तापर्यंत फुकट होती. आता ती दुसऱ्याच्या पोरीच्या गळ्याशी आली आहे.

म्हणून सांगतो. नबीचाचांच्या गाड्यावर जा. चार लोक असतील तेव्हाच जा. आणि सांगा, माझा पोरगा विमान थांबवत नाही, मी फोन लावलाच नव्हता. ही पुरती तीन वाक्यंसुद्धा नाहीत. मी नबीचाचांना फोन केला होता. ते हसले आणि म्हणाले, ‘बाळू, तू लई साधा हाय बे. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस असंच म्हनतो.’ माझ्या खरं बोलण्याचा तुम्ही विनय करून ठेवलाय. हे फक्त तुम्हीच सोडवू शकता.

आणि मुंजाजीराव उज्माचा सत्कार करणार आहेत असं ऐकलं. करायचा तर आल्यावर करा. जायच्या दिवशी नको.

बाळू


१९ सप्टेंबर

आबा,

त्या दिवशी माझ्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. तुमच्याकडे काय झालं ते मला सगळं माहीत आहे, उज्माने दिल्लीहून सांगितलं.

सत्कार जायच्याच दिवशी ठेवलात. मुंजाजीराव येईपर्यंत पोरीला हार घालून खुर्चीवर बसवून ठेवलं. ती सारखी उठत होती आणि कुणी ना कुणी तिला खांद्याला धरून खाली बसवत होतं. मुंजाजीराव आले, मुलींच्या शिक्षणावर बोलले. स्वतःच्या मुलींना दहावीनंतर उजवून टाकणारा माणूस मुलींच्या शिक्षणावर फार वेळ बोलू शकतो. उज्माने घड्याळ दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘निवांत ऱ्हा, इमान कुठं पळून चाललंय.’ पत्र तुम्हाला मिळालं होतं. माय म्हणते, तुम्ही ते वाचून उशीखाली ठेवलं होतं.

मग गेवराईच्या अलीकडे जीपचा टायर गेला, आणि जादाचा टायर आधीच पंक्चर होता. तो काढून बघायची कुणाला सवड होती? सत्कार होता ना.

मी तेव्हा टेबलावरचे पहिले दोन तास संपवून विश्रांतीच्या खोलीत आलो होतो. कामावर फोन नेता येत नाही, तो कप्प्यात ठेवावा लागतो. कप्पा उघडला तर पडदाभर एकच नाव. आबा, आबा, आबा. चार महिने ज्या माणसाने माझा फोन उचलला नव्हता, तो मला फोनावर फोन करत होता. पहिल्यांदा तुम्ही फोन केल्याचं नाटक केलंत. या वेळी खरंच केलात.

मी लावला. तुमचा आवाज ओळखू येईना.

‘बाळू, आमी गेवराईच्या अलीकडं हाव. चाक बसलंय. नबी रस्त्यावर हुबा राहून हात करतोय, कोनी थांबंना. पोरगी बोलंना झालीय.’

खरं सांगायचं तर तोंडावर शिव्या आल्या होत्या आणि मी त्या गिळत होतो.

मग तुम्ही म्हणालात, ‘थांबिव बाबा. मला म्हाईत हाय, तुज्या हातात न्हाई. तरीबी थांबिव.’

‘नाही थांबवता येत, आबा,’ म्हणालो आणि फोन ठेवला. तो स्पीकरवर नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुन्हा टेबलावर गेलो. सलग सहावा दिवस होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी झालेली, कान गरम. पण हे काही नवीन नाही, पाचव्या दिवशीही तसंच होतं आणि त्याआधीच्या आठवड्यातही. दोन तास संपत आले तेव्हा तुमच्याकडे येणारं विमान जमिनीवर माझ्याच रांगेत होतं, अजून बरंच मागे. मी त्याच्याकडे बघितलं नाही असं म्हणणार नाही. दोन तास भरले. पाळीप्रमुख आला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘बदली आला नाही. थोडा वेळ चालेल ना?’

मी म्हणालो, ‘नाही चालणार.’

त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उठलो. नियमाने उठलो. त्यात एक अक्षर चुकीचं नाही. थकलेल्या माणसाने उठायचं, असंच पुस्तकात लिहिलंय. फक्त इतक्या वर्षांत ते कुणी करून बघितलं नव्हतं, म्हणून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

माझं टेबल बंद झालं. विमानं पुन्हा लांब लांब अंतराने सोडावी लागली, रांग वाढली. तुमच्याकडे येणारं विमान उशिरा सुटणार म्हणून कंपनीने तिकडची वेळ पुढे ढकलली, प्रवाशांची तिकिटं बघायची खिडकी उघडी ठेवली. आणि तुम्ही लोक दोन तासांनी थांबलेल्या एका कांद्याच्या टेंपोत बसून पोचलात.

आता तुम्हाला वाटेल, पोराने केलं. थांबा. त्या रांगेत एकच विमान नव्हतं. रात्री टीव्हीवर एक बाई सांगत होती, तिच्या आईचं ऑपरेशन होतं आणि ती पोचायच्या आत आईला आत नेलं. रोज अशा लोकांना मी हसतो. त्या रात्री हसू आलं नाही. तुमच्या उज्मासाठी मी किती जणांच्या उज्मा उन्हात बसवल्या, ते मला कधीच कळणार नाही. दोन घंट्या देऊन तुम्ही वच्छलाबाईला मागे टाकायचात, निदान ती काचेतून दिसायची तरी.

मी थकलो होतो, हे खरं आहे. आदल्या दिवशीही थकलो होतो आणि ‘चालेल’ म्हणालो होतो, हेही खरं आहे. तेव्हा विमान मी थांबवलं की नाही, ते तुम्ही मला विचारू नका.

आणि पुन्हा फ्लेक्स लावलात, तर मी जन्मभर नेकनूरचं तोंड बघणार नाही. ही धमकी नाही. त्या फ्लेक्सपायी माझी नोकरी जाईल. हे पत्र वाचून चुलीत टाका.

बाळू


४ ऑक्टोबर

आबा,

जयभीम.

काल पंचशीलाचा फोन आला. ती नेकनूरला आली होती आणि सगळं तिच्यासमोर झालं, म्हणून मी विश्वास ठेवतो. एरवी ठेवला नसता.

ती म्हणाली, मुंजाजीराव दोन पोरं आणि नवा फ्लेक्स घेऊन स्टँडवर आले. या वेळी मला वैमानिक नाही, थेट हवाई दलात घातलं होतं, छातीवर पदकंसुद्धा होती. नबीचाचा दोरी बांधायला शिडीवर चढले होते, आनंदाने रडत होते. आणि तुम्ही गेलात आणि त्यांचा पाय धरून त्यांना खाली ओढलंत.

‘माजा बाळू इमान थांबवत न्हाई,’ असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. ‘त्येच्या खात्यात मानसं न्हाईत म्हून उशीर होतो. तवाबी तसाच झालता, आताबी तसाच झाला. त्येनं कायबी केलेलं न्हाई.’

मुंजाजीराव हसले. म्हणाले, ‘मंग तवा परसात जाऊन कोनाला बोलला होता रं?’

‘कोनालाच न्हाई. फोन लावलाच नव्हता.’

पंचशीला सांगते, एक पोरगा फिसकन हसला आणि सगळा स्टँड हसायला लागला. कुणीतरी ‘थापाड्या कंडक्टर’ म्हणालं. मुंजाजीरावांनी शाल परत मागवली. तुम्ही घरी जाऊन ती आणलीत, घडी घालून त्यांच्या हातात दिलीत. इतक्या मोठ्या माणसाला एक शाल परत लागते, यावरून त्यांच्या कपाटाचा अंदाज येतो.

आता ते खाटेवर बसायला येणार नाहीत, आणि पाणी मागणार नाहीत. हे तुम्हाला बोलायच्या आधी माहीत होतं. तरी बोललात. इतके महिने मी थांबवत नव्हतो आणि तुम्ही सांगत होतात थांबवतो. आणि नेमकं या वेळी तुम्ही नाही म्हणालात, आणि त्यासाठी सगळ्या गावाचं हसू अंगावर घेतलंत. मला तुमचा राग करायची इतकी सवय झाली आहे की आता काय करावं ते सुचत नाही. मला रडू आलं, एवढंच लिहितो.

उज्मा पास झाली. आवाज स्वच्छ आहे, घाबरल्यावरही अडखळत नाही, असा शेरा आहे. तिने मला विचारलं, ‘दादा, त्या दिवशी तुम्ही दोन तास झाले म्हणून उठलात ना?’ मी हो म्हणालो. ती म्हणाली, ‘मंग रोज का नाही उठत?’ तिला अजून नेमणुकीचं पत्रसुद्धा मिळालेलं नाही, आणि सगळ्या खात्यात कुणी न विचारलेला प्रश्न तिने विचारून टाकला.

खात्याने मला खुलासा मागितला होता. मी लिहिलं, थकलो होतो. साहेबांना ते पटलं नाही. थकवा हे कारण त्यांनी केबिनमधून कधी पाहिलेलं नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत मला टेबलावर बसू देणार नाहीत. माणसं कमी आहेत, म्हणून त्यांनी आणखी एक कमी केला. मला हसू आवरेना तेव्हा ते म्हणाले, ‘यात हसण्यासारखं काय आहे?’

पुढे काय होईल माहीत नाही. नोकरी राहील बहुतेक, कारण घालवायची तर जागेवर बसवायला कुणी हवा. तोवर मात्र बहिणीच्या लग्नाला न मिळालेली सुट्टी मला आपोआप मिळाली आहे. पालीला पंचशीलाकडे जाईन, मग घरी येईन. खाटेवर मी बसेन. पाणी माय देईल, पण तुम्ही दिलंत तर बरं वाटेल.

मंगळवारी दुपारी बीडच्या स्टँडवर उतरेन. तुम्ही न्यायला येणार, हे मला माहीत आहे, आणि सगळे कंडक्टर तुमच्या ओळखीचे, हेही माहीत आहे. नेकनूरची गाडी लागलेली असेल आणि मी दिसत नसेन, तर थांबवायला सांगू नका. तिला दोन घंट्या देऊ द्या. आपण मागच्या गाडीने जाऊ.

बाळू